ओल्या मातीतली तहान

मित्रांनो, मी एक जुनी पीस लिली आहे. रुंद हिरवी पानं आणि त्यांच्यातून वर आलेलं एखादं पांढरं फूल, अशी झाडं तुम्ही बँकेत नाहीतर दवाखान्यात कोपऱ्यात ठेवलेली पाहिली असतील. घरातल्या झाडाला कसलं आलंय भय, असं लोकांना वाटतं. ऊन नाही, वारा नाही, गुरं नाहीत. पण माझं बरंचसं आयुष्य भीतीत गेलं. ती भीती कसली होती, ते तुम्हाला सांगते.

यवत गावाच्या पुढे रस्त्याला लागून असलेल्या एका नर्सरीत माझा जन्म झाला. जन्म कसला! एका मोठ्या झुडपातून मला ओढून वेगळं काढलं. मुळं तटातट तुटली. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. पण तिथल्या बाईने मला भुसभुशीत मातीत बसवलं, हिरव्या जाळीच्या सावलीत ठेवलं, आणि मी रुजले.

मग नॅन्सी मला केडगावला घेऊन आली. ती नर्सिंग शिकत होती. तिची आई ग्लॅडिस मुलींच्या वसतिगृहाची मॅट्रन होती आणि वडील बन्यामीन रेल्वेत होते. खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा ठरली. नॅन्सी होस्टेलवरून सुट्टीला घरी आली की अभ्यास करता करता ओल्या फडक्याने माझी पानं पुसायची. ईस्टरला मला फुलं आली की बन्यामीन मला दोन्ही हातांनी उचलून चर्चमध्ये नेत. "आमच्या नॅन्सीची लिली," असं ते भेटेल त्याला सांगत. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे बन्यामीन आजारी पडले. नॅन्सीची शेवटची परीक्षा चालू होती. ती होस्टेलवरून फोन करायची आणि ग्लॅडिस दर वेळी म्हणायची, "बरे आहेत गं. तू पेपर नीट दे." नॅन्सी घरी पोचली तेव्हा उशीर झाला होता. माझ्या शेजारी टेबलावर डोकं ठेवून ती म्हणाली, "मम्मी, मला सांगितलं का नाहीस?"

नंतर नॅन्सीला मस्कतच्या एका इस्पितळात नोकरी लागली. जाताना तिने मला आईच्या हवाली केलं. ग्लॅडिस तोवर निवृत्त झाली होती. घरात आता ती आणि मी.

शुक्रवारी नॅन्सीला सुट्टी असे. दुपारी तिचा व्हिडिओ कॉल येई आणि ग्लॅडिस मला मोबाईलसमोर आणून ठेवी. मी छान दिसावी म्हणून तिने माझी प्लास्टिकची कुंडी एका सुंदर चिनी मातीच्या भांड्यात बसवली. भांड्यावर निळी नक्षी होती. पण मित्रांनो, त्या भांड्याला तळाशी भोक नव्हतं.

माझ्या भीतीची सुरुवात तिथे झाली.

ग्लॅडिसला लेकीची आठवण आली की ती मला पाणी घालायची. आठवण तर सारखीच यायची. पाणी खाली उतरून भांड्यात साचायचं. माझी मुळं त्या पाण्यात बुडाली. मुळांनाही श्वास लागतो, हे तिला ठाऊक नव्हतं. आधी खालची मुळं मऊ झाली, मग काळपट, मग त्यांची साल सुटू लागली. अशा कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येईना. चहूबाजूंनी पाणी होतं आणि मी तहानेने तडफडत होते. माझी पानं लोळली. ग्लॅडिस कळवळून म्हणाली, "अगं बाई, तहान लागली वाटतं हिला!" आणि तिने आणखी एक तांब्या ओतला.

मला ओरडता आलं असतं तर!

शेजारी बापूसाहेब राहायचे. त्यांची शेती नदीपलीकडे वडगाव रासाईला, पण नातवंडांच्या शाळेसाठी त्यांनी केडगावात घर बांधलं होतं. एक दिवस ते माझ्यासमोर वाकले.

"बाई, खालची पानं पिवळी पडल्यात. हे नत्र कमी पडल्याचं लक्षाण हाय. उसाचं बी असंच हुतंय. युरिया हाय माझ्याकडं, मूठभर टाकतो."

"एवढीशी कुंडी आहे, बापूसाहेब."

"मग अर्धी मूठ."

ते चुकीचं बोलत नव्हते. नत्र कमी पडलं की जुनी पानं आधी पिवळी होतातच. पण माझ्याजवळ ते घ्यायला मुळं कुठे उरली होती? खत मातीतच राहिलं आणि उरल्यासुरल्या मुळांना भाजू लागलं. माझ्या पानांची टोकं करपली. मातीवर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर आधीच होता, आता त्यावर बारीक चिलटं उडू लागली. भांड्यातून गटारीसारखा वास यायला लागला.

आठवड्याने बापूसाहेब पुन्हा आले आणि मान हलवून म्हणाले, "न्हाई बाई, हे गेलं. उपटून टाका आन् दुसरं आणा. लेकीला काय कळतंय तिकडं?"

ते शब्द ऐकून माझ्या देठात कापरं भरलं. ग्लॅडिसही घाबरली होती. नवरा गेला होता, लेक लांब होती, आणि लेकीने विश्वासाने दिलेलं एक झाड तिच्या हातून मरत होतं. दुसऱ्या दिवशी ती रिक्षाने नर्सरीत गेली आणि हुबेहूब माझ्यासारखी एक लिली घेऊन आली. टवटवीत, फुलांनी भरलेली. तिला माझ्या जागेवर ठेवलं. मला मागच्या पडवीत, मोरीशेजारी, खाली फरशीवर.

खाली बसल्यावर मला माणसांचे फक्त पाय दिसायचे. ग्लॅडिसचे पाय येत-जात. एकदा चालता चालता तिची चप्पल पायातून निसटली आणि उंबऱ्यातच राहिली. ती तशीच पुढे गेली. तिला कळलंच नाही. मग तिच्या उजव्या पायाच्या करंगळीखाली मला एक काळपट डाग दिसला. रोज तो थोडा मोठा होत होता, कडेने ओलसर. मला धडकी भरली, कारण तो रंग मी ओळखत होते. माझ्या मुळांचा रंग तसाच झाला होता.

पण सांगणार कुणाला आणि कसं?

शुक्रवार आला. मधलं दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. नॅन्सी आधी हसत बोलत होती. मग थांबली.

"मम्मी, लिलीला एकदम एवढी फुलं?"

"आली बाई यंदा."

"आणि कुंडीवर नर्सरीचं स्टिकर कसलं गं?"

नखाने स्टिकर खरवडल्याचा आवाज आला.

"मम्मी, माझी लिली मेली का?"

"अगं नाही... बरी आहे ती. थोडी..."

"बरी आहे म्हणू नकोस!" नॅन्सीचा आवाज चिरला. "पप्पांच्या वेळीही तू बरे आहेत, बरे आहेत म्हणत राहिलीस. मेली असेल तर मेली म्हण. पण मला खरं सांग."

ग्लॅडिस रडत रडत पडवीत आली. "ही बघ. मी मारली हिला."

"अजून मेली नाही. रडू नकोस. मोबाईल मोरीच्या कठड्याला टेकवून खाली ठेव आणि तू हिच्यासमोर बस. आता मातीत बोट घाल. आत, दुसऱ्या पेरापर्यंत. कशी आहे?"

"गच्च ओली आहे गं. चिखल नुसता."

"माती ओली आणि पानं लोळलेली, म्हणजे दुखणं खाली आहे. पानांवर उपचार करून काही होणार नाही. तिला कुंडीतून बाहेर काढ."

"मला भीती वाटते, नॅन्सी. उरलंसुरलंही तुटेल."

मलाही भीती वाटत होती! जन्मवेळची ती ओढाताण मला आठवली. तेवढ्यात रडण्याचा आवाज ऐकून बापूसाहेब आले. त्यांनी कुंडी आडवी धरली, ग्लॅडिसने माझा बुंधा धरला आणि मी बाहेर आले. भांड्यातलं काळं पाणी फरशीवर पसरलं.

"आरं तिच्या! ही तर मूळकूज हाय," बापूसाहेब म्हणाले. "डाळिंबात बघितली की मी. आन् वरनं पानं बघून युरिया घालत बसलो. चुकलंच माझं."

"काका, राहू द्या. मम्मी, एकेक मूळ चिमटीत धर. पांढरं आणि टणक असेल ते ठेव. बोटाला साल सुटून आली तर ते काप. कात्री आधी डेटॉलने पूस."

कात्रीचा प्रत्येक आवाज मला आत जाणवत होता. खाली काळ्या मुळांचा ढीग झाला. शेवटी मूठभर पांढरी मुळं आणि तीन पानं उरली. बापूसाहेबांनी जाड वाळू आणली, ती मातीत मिसळली आणि तळाला भोकं असलेल्या साध्या कुंडीत मला बसवलं.

"खत?" ग्लॅडिसने विचारलं.

"आता नको. नवी मुळं फुटल्याशिवाय एक कणही नको," नॅन्सी म्हणाली.

ग्लॅडिसने सुस्कारा सोडला आणि आखडलेला पाय पुढे लांब केला.

"मम्मी." नॅन्सीचा आवाज एकदम बदलला. "पाय मोबाईलजवळ आण. तो डाग कसला आहे?"

"काही नाही गं. दगड लागला असेल. दुखत नाही."

"दुखत नाही?" नॅन्सी स्क्रीनजवळ वाकली. "काका, तिच्या तळव्याला बोट लावा जरा. मम्मी, तू वर बघ. कळतंय का?"

बापूसाहेबांनी बोट लावलं. दाबलं. पुन्हा दाबलं.

"लावा ना बापूसाहेब," ग्लॅडिस म्हणाली.

बापूसाहेबांचा चेहरा उतरला. "बाई, मी कवाचं लावलंय."

फरशीवर माझी माती तशीच पसरलेली होती आणि ते तिला गाडीत बसवून दौंडला दवाखान्यात घेऊन गेले.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस सर्वांत भीतीचे. बंद घरात मी आणि ती नवी लिली. बापूसाहेब किल्ली घेऊन यायचे. हातात पेला असायचा. कुंडीत बोट घालायचे, थोडा विचार करायचे आणि पेला तसाच परत न्यायचे. त्यांच्या मोबाईलवरच्या बोलण्यातून मला कळत गेलं. ग्लॅडिसच्या रक्तातली साखर खूप वाढली होती, कधीपासून ते कुणालाच माहीत नव्हतं. जखमेतलं विष वर चढत होतं. बोट कापावं लागणार होतं.

ग्लॅडिस घरी आली ती नॅन्सीच्या खांद्यावर हात ठेवून. लेक रजा काढून आली होती. करंगळी गेली होती, पाऊल वाचलं होतं. खुर्चीत बसल्यावर नॅन्सीने विचारलं, "मम्मी, बरं वाटतंय?"

ग्लॅडिसने माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. "नाही गं," ती म्हणाली. "फार भीती वाटते."

नॅन्सीने तिचा हात हातात घेतला.

मला अजून नवं पान आलेलं नाही. येईल की नाही, ठाऊक नाही. मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण ती नुसती ओतू नका. पान पिवळं पडलं तर धावत जाऊन खत आणू नका, आधी माती चाचपून बघा. आणि घरातलं कुणी "काही नाही, बरं आहे" म्हणालं, तर जरा खाली वाकून बघा. दिसेल ते भयंकर असेल, याची भीती वाटेल. वाटू द्या. घाबरत घाबरत का होईना, पण बघा.