शंभरातून सात

महाळुंग्याच्या कारखान्यातल्या त्या पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये पहिली शिफ्ट कोड्यानं सुरू व्हायची. सात वाजता भोंगा झाला की लाईनीवरची बावीस माणसं पांढऱ्या फळ्यासमोर उभी राहायची. हजेरी व्हायची, कालचं उत्पादन सांगितलं जायचं, आणि मग लाईन लीडर बुद्धरत्न ओव्हाळ चष्मा कपाळावर सरकवून एखादं कोडं विचारायचे, "हजारातून एक काढला, पण नऊशे नव्व्याण्णव उरले नाहीत. मग उरलं कोण?"

कुणी शून्य म्हणायचं, कुणी मॅनेजरचं नाव घ्यायचं. हशा व्हायचा. सगळ्यांचं बोलून झालं की ओव्हाळच सांगायचे, "हजारातला काना काढा. हजर उरतो. चला, जे हजर आहेत त्यांनी मशीनवर जा."

जाता जाता ते एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. "भाऊ, तू आज रॅकवर." रॅकवर म्हणजे तयार माल मोजून क्रेटमध्ये रचायचा. का, ते सांगायचे नाहीत, आणि कुणी विचारायचंही नाही. एकोणीस वर्षं त्यांच्या लाईनीवर खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नव्हतं. लोक म्हणायचे, ओव्हाळांचा पायगुण.

जूनअखेर ते निवृत्त झाले. त्यांची जागा तनुजा येळवंडेला मिळाली. निघोज्याची, डिप्लोमा झालेली, दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेली. निरोपाच्या दिवशी ओव्हाळांनी तिला निळ्या पुठ्ठ्याची वही दिली. आत शंभरावर कोडी होती, त्यांच्या नीटस अक्षरात, आणि शेवटच्या पानांवर उत्तरं.

"रोज एक घालत जा," ते म्हणाले. "कधी चुकवू नको."

तनुजानं ते कधी चुकवलं नाही, उलट त्यात सुधारणा केल्या. आकडे सरळ रकान्यात उभे राहिलेले तिला आवडायचे. ओव्हाळांच्या काळात कोण कुठल्या मशीनवर जाणार याला काही नियम दिसत नव्हता, म्हणून तिनं आठवड्याचा तक्ता केला. कोड्याचं उत्तर देणाऱ्यांची नावं नुसती हवेत जात होती, म्हणून तिनं यादी केली: तारीख, कोडं, कुणी सोडवलं. फळ्याशेजारी ती प्लास्टिकच्या कव्हरात लावली. आणि उत्साह राहावा म्हणून बक्षीस ठेवलं. पहिलं बरोबर उत्तर देईल त्यानं त्या दिवशी आपलं मशीन आपण निवडायचं.

माणसं खूश झाली. मॅनेजर कुलदीप गव्हाणे यांनी त्या यादीचा फोटो काढून मुख्य कचेरीला पाठवला.

*

गणपतीत अर्धी लाईन गावी गेली होती. त्या सोमवारी फळ्यासमोर तेराच माणसं होती. तनुजानं वहीतलं एकेचाळीसावं कोडं काढलं.

"शंभरातून सात किती वेळा वजा..."

"एकदाच," मागच्या रांगेतून खंडू म्हणाला. "मग त्र्याण्णवातून होतात."

"अरे, पुरं तर होऊ दे माझं," तनुजा म्हणाली.

प्रीतम पडवळ, महाळुंग्यातलाच, तिचा मदतनीस, हसून म्हणाला, "ह्याच्या तोंडातच होतं व्हय रं, बाहेर पडायची वाट बघत?"

बाकीचे हसले. खंडू हसला नाही. तनुजानं यादीत त्याचं नाव लिहिलं आणि विचारलं, "कुठलं मशीन?"

"चार नंबर."

चार नंबर ही पायाच्या पेडलवर चालणारी जुनी प्रेस. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, पेडल दाबायचं, तयार तुकडा चिमट्यानं काढायचा. लाईनीवर बसून करायचं ते एकच काम. बाकी सगळीकडे आठ तास उभं राहावं लागे. खंडूनं तेच का मागितलं, हा प्रश्न तनुजाला तेव्हा पडला नाही.

सात चाळीसला साच्यात एक तुकडा अडकला. खंडूनं चिमटा बाजूला ठेवून तो हातानं काढायला घेतला, आणि पाय पेडलवर होता हे त्याच्या लक्षात राहिलं नाही. उजव्या हाताच्या तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं दुसऱ्या पेरापासून पुढचं गेलं. ओरडला तो नाही, शेजारच्या मशीनवरचा माणूस ओरडला.

*

बुधवारी दुपारी कुलदीपसरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"शुक्रवारी अकराला चौकशी आहे," ते म्हणाले. "बस. घाबरू नको, तुझ्यावर काही येणार नाही. तुझीच यादी आपल्याला वाचवणार आहे."

त्यांनी टाईप केलेला कागद पुढे सरकवला. तिचा जबाब होता, तिच्या वतीनं लिहिलेला. त्यात होतं की कामगार कामावर आला तेव्हा पूर्णपणे सजग होता. त्याच सकाळी त्यानं गणिती कोड्याचं अचूक उत्तर सर्वांच्या आधी दिलं. मशीन त्यानं स्वतः निवडलं. यादी सोबत जोडली आहे. सबब अपघात त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला.

"यात खोटं काही आहे का?" कुलदीपसरांनी विचारलं.

तिनं दोनदा वाचलं. एकेक वाक्य घेतलं तर शेवटचं सोडून खोटं काही नव्हतं.

"निष्काळजीपणा लिहिलं तर त्याला काढतील ना, सर?"

"ते समिती ठरवेल. नाही लिहिलं तर विचारतील, त्याला तिथं बसवलं कुणी. तुला लीडर होऊन तीन महिने झालेत, तनुजा. या शॉपमध्ये पहिली बाई लीडर आहेस. सही शुक्रवारी सकाळी दे. उद्या सुट्टी आहे, विचार कर."

ती तिथून दवाखान्यात गेली. खंडू खाटेवर बसला होता, हाताला कोपरापर्यंत बँडेज. परभणीकडचा, चाळिशीचा माणूस, निघोज्यात एका खोलीत आणखी तिघांबरोबर राहणारा. ती आलेली पाहून तो संकोचला.

"रविवारी किती वाजता घरी गेला होता तुम्ही?" तिनं विचारलं.

"पहिली केली आन् मग दुसरी. माणसं नव्हती ना. रूमवर जायला बारा झाले. मग सैपाक. मॅडम, तुम्ही रागवू नका. मला त्या दिवशीचं काहीच आठवू नाही लागलं. गेटवर कार्ड लावलं, एवढं आठवतं. मग एकदम हात."

"कोडं? तुम्ही सोडवलंत की."

"मी?" खंडू तिच्याकडे बघत राहिला. "कुठलं कोडं होतं?"

*

गुरुवारी औद्योगिक वसाहतीला सुट्टी. तनुजा आकुर्डीला ओव्हाळांच्या घरी गेली. त्यांचे वडीलही कारखान्यातच होते. दोन खोल्यांचं ते घर वडिलांनीच बांधलेलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ओव्हाळांचं निवृत्तीचं मानपत्र. त्यांच्या पत्नी नीलाकाकूंनी चहा आणून ठेवला आणि आतल्या खोलीत गेल्या. ओव्हाळांना अपघाताचं कळलं होतं. तिनं सगळं सांगितलं, तक्ता, यादी, बक्षीस, एकेचाळीसावं कोडं. ते मान खाली घालून ऐकत होते.

"एकेचाळीसावं मी या लाईनीवर तीन वेळा घातलंय," ते म्हणाले. "पहिल्यांदा घातलं तेव्हा खंडू नवा होता. तीन दिवस हसत होता त्याच्यावर. पण दुसऱ्या वेळी मी तसंच नाही घातलं. विचारलं, शंभरात सात किती वेळा मिळवता येतात? तिसऱ्या वेळी विचारलं, शंभरातून सात एकदा वजा केले तर किती उरतात? साधी वजाबाकी. त्या दिवशी दोघं म्हणाले, एकदाच. त्या दोघांना रॅकवर पाठवलं."

तनुजानं कप खाली ठेवला.

"पाचच तास झोपलेला माणूस कसा असतो माहीत आहे का?" ओव्हाळ म्हणाले. "चालतो, बोलतो, कार्ड लावतो. विचारलं तर म्हणतो, एकदम ठणठणीत. ओव्हरटाइम कुणाला नको असतो? त्याला थेट विचारून काही कळत नाही. पण कोडं घातलं की जागा माणूस आधी ऐकतो. मग त्याचा चेहरा हलतो. चुकला तर ओशाळतो, दुसऱ्याचं ऐकून हसतो. झोपेतला माणूस ऐकत नाही. तो ओळखीचा शब्द कानावर आला की आत साठवलेलं बाहेर टाकतो. बरोबर उत्तर सगळ्यात आधी कोण देतं? ज्याला ऐकायची गरज उरलेली नाही तो."

"आणि मी त्याला मशीन निवडायला दिलं."

"हो."

ते मवाळपणे म्हणाले नाहीत, आणि कठोरपणेही नाही.

"मला का नाही सांगितलंत, काका?"

ओव्हाळांनी चष्मा काढून पुसला.

"कुणालाच नव्हतं सांगितलं. कळलं असतं तर माणसं तोंडावर पाणी मारून आली असती, तयारी करून आली असती. आणि रॅकवर पाठवलेल्या माणसाला वाटलं असतं, याला झोपाळू ठरवला. दोन वर्षं तू माझ्या शेजारी उभी होतीस. मी फळ्याकडे बघत नाही, माणसांकडे बघतो, हे तुला दिसत असेल असं धरून चाललो." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "वही दिली ती उत्तरांसकट दिली. ती माझी चूक. उद्या तसं लिहायचं असेल तर लिही."

"तुमचं नाव नाही घालणार मी."

"घाल किंवा नको घालू. पण आपण वाचावं म्हणून घालू नको."

ती निघाली तेव्हा नीलाकाकू दारापर्यंत आल्या. "सोमवारपासून नीट जेवले नाहीत," एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या.

*

शुक्रवारी अकरा वाजता समितीसमोर तिनं टाईप केलेला कागद परत दिला आणि स्वतःच्या हातानं लिहिलेलं दीड पान ठेवलं. कुलदीपसरांखेरीज मुख्य कचेरीतून आलेले सुरक्षा अधिकारी आणि कामगारांचे एक प्रतिनिधी होते. सुरक्षा अधिकाऱ्यांनी ते मोठ्यानं वाचलं.

खंडू आदल्या दिवशी सलग दोन शिफ्ट करून आला होता. ही नोंद गेटवर उपलब्ध होती. लाईन लीडर म्हणून मी ती पाहिली नाही. त्यानं कोड्याचं उत्तर प्रश्न पूर्ण होण्याआधी दिलं. मी उत्तर ऐकलं, माणूस पाहिला नाही. उत्तरासाठी मशीन निवडण्याची पद्धत मी सुरू केली होती. माझ्या यादीवरून तो सजग होता असं सिद्ध होत नाही. मला ती यादी पुरावा म्हणून मान्य नाही.

"स्वतःची यादी स्वतःच नाकारताय," सुरक्षा अधिकारी म्हणाले.

"यादी बरोबर आहे, सर. तिच्यावरून काढलेला अर्थ चूक आहे."

कामगारांच्या प्रतिनिधीनं विचारलं, "दोन शिफ्टची परवानगी कुणी दिली होती?" ओव्हरटाइमच्या रजिस्टरमध्ये कुलदीपसरांची सही होती. मग सुरक्षा अधिकाऱ्यांनी गेटची नोंद मागवली.

बाहेर आल्यावर कुलदीपसर तिला म्हणाले, "तुझी लाईन जाईल. माझं तर जे व्हायचं ते होईलच. कळतंय ना?"

"हो, सर."

निकाल पंधरा दिवसांनी लागला. खंडूवरचा निष्काळजीपणाचा ठपका निघाला. तो बरा झाला की लाईनीवर परत येणार होता. कुलदीपसरांची बदली दुसऱ्या प्लांटला झाली. चार नंबरची प्रेस बंद करून ताडपत्रीखाली गेली. तनुजाला लेखी समज मिळाली आणि ती पुन्हा मदतनीस झाली. लाईन प्रीतमकडे गेली.

पहिल्या दिवशी प्रीतम तिच्याकडे आला तो अवघडूनच. "ताई, ती वही तेवढी. कोडी बंद करा असं कुणी लिहून दिलेलं न्हाई."

तिनं कपाटातून वही काढून दिली. प्रीतमनं चाळली.

"मागची पानं कुठायत? उत्तरं?"

"काढली मी."

"मग मला कसं कळायचं बरोबर का चूक?"

"त्याची गरज नाही लागणार," तनुजा म्हणाली, आणि तिथंच फळ्यापाशी उभं राहून तिनं त्याला ओव्हाळांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "हे बाहेर बोलायचं नाही. पण उद्या तू जाशील तेव्हा पुढच्याला सांगून जा."

प्रीतमनं वही मिटली. बराच वेळ तो काही थट्टा करेल असं वाटलं, पण त्यानं केली नाही.

खंडू नोव्हेंबरात परतला. त्या सकाळी तो मागच्या रांगेत उभा होता, उजवा हात खिशात. प्रीतमनं हजेरी घेतली, उत्पादन सांगितलं आणि विचारलं, "चाराच्या आधी कोण येऊन उभं राहिलं, की चालतं काम थांबतं?"

"तीन," कुणीतरी म्हणालं.

"जेवणाची सुट्टी," दुसरा म्हणाला, आणि हशा झाला.

तनुजा प्रीतमच्या बाजूला उभी होती. तिनं डावीकडून सुरुवात केली. पहिला हसत होता. दुसरा बोटावर काहीतरी मोजत होता. तिसऱ्याचे डोळे फळ्यावर होते, पण फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. प्रीतमनं तिच्याकडे पाहिलं, तिनं मान डोलावली.

मग ती मागच्या रांगेपर्यंत आली. खंडूचे ओठ हलत होते. चाराच्या आधी एकेक अक्षर तो लावून बघत होता, टाकून देत होता, पुन्हा लावत होता. त्याला उत्तर येत नव्हतं.

"भाऊ," प्रीतम तिसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू आज रॅकवर." मग त्यानं मागे पाहिलं. "खंडूभाऊ, तुमी दोन नंबरला."

खंडूनं खिशातून हात काढला आणि तो दोन नंबरकडे चालू लागला. अर्ध्या वाटेवर थांबून तो वळला.

"वि," तो म्हणाला. "विचार."