गालिच्याला लागलेली कसर

मार्च आला की इकडे उत्तरेत, तुर्कू शहरात, आम्ही गालिचे अंगणात काढायचो. तेव्हा बर्फ कोरडा असायचा, पिठासारखा. त्यावर गालिचा उपडा टाकायचा, झोडपायचा आणि दुपारभर थंडीत ठेवायचा. उचलला की खाली धुळीचा राखाडी चौकोन उमटलेला दिसे. लोकरीत काही किडे असलेच तर त्या थंडीत मरून जात.

आता तसा बर्फ राहत नाही. पडतो, वितळतो, गोठतो, पुन्हा वितळतो. यंदा फेब्रुवारीतच एका सकाळी पडदा सारला तर अंगणात नुसता राडा. हिवाळाभर बर्फाखाली गाडली गेलेली कुत्र्यांची घाण एकदम वर आली होती. सिगारेटची थोटकं, फुगून मेलेला उंदीर, सगळं एकाच तपकिरी पाण्यात. खिडकी उघडली आणि लगेच लावून घेतली.

कचरा टाकायला खाली गेले तर बाकावर रागनर. आमच्या इमारतीचा अध्यक्ष. अर्ध्या चड्डीत, पांढऱ्या पायांना ऊन देत, हातात कॉफीचा मग.

"काय हवा पडलीय, मार्केटा," तो म्हणाला. "आता स्पेनला कोण कशाला जाईल?"

"आधी आपल्या चपलेखाली बघ."

त्याने बघितलं, चप्पल बाकाच्या पायाला पुसली आणि कॉफी पीत राहिला. "वसंत म्हटला की थोडा वास यायचाच गं."

"हा वसंत नाही, रागनर. गटार आहे."

तो हसला. त्याच बाकाला टेकून उद्या कोणाचं तरी पोर खेळणार, हे त्याच्या डोक्यातही आलं नसावं. मला त्याच्या त्या गुळगुळीत पिंढऱ्यांचीही किळस आली.

शनिवारी धाकटी बहीण साइमी आली. पलंगाखालचा आईचा गालिचा दोघींनी ओढून काढला. लहानपणी आम्ही बेटावर राहायचो तेव्हा घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचा आईने विणलेला. निळ्यावर पिवळे पट्टे. गेली दोन-तीन वर्षं त्याला थंडी दाखवता आली नव्हती. साइमीने कोपरा उलटला आणि हात मागे घेतला.

"ताई, हे हलतंय."

लोकर जागोजागी खाल्लेली होती. त्या खळग्यांत तांदळाच्या कणीएवढ्या अळ्या वळवळत होत्या, पांढुरक्या. आजूबाजूला त्यांची वाळूसारखी विष्ठा. मी याच गालिच्यावर रात्रभर झोपले होते, म्हणजे त्याच्यावरच्या पलंगावर.

"बर्फावरच्या हॉकीच्या मैदानामागे बर्फ असतो," साइमी म्हणाली. "यंत्राने खरवडलेला. ढीगच्या ढीग. त्यात पुरून ठेवू."

गालिचा प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिच्या गाडीत घातला. मैदानामागे खरंच ढीग होता, सगळ्या शहरात तेवढाच काय तो पांढरा. जवळ गेल्यावर मात्र पांढराही नव्हता. मैदानावर आखलेल्या रेघांच्या रंगाने गुलाबी झालेला, आणि त्यात खेळाडूंनी ओठाखाली धरून थुंकलेल्या तंबाखूच्या इवल्या पुड्या, शेकड्यांनी. एक माझ्या हातमोज्याला चिकटली. वर ढिगाला उन्हाने पाझर फुटलेला.

साइमीने फावडं टाकून दिलं. "आईचा गालिचा यांच्या थुंकीत ठेवायचा?"

"नाही."

"मग जाळू या का?"

मी तिच्याकडे बघितलं. ती मस्करी करत नव्हती. एवढं चिडलेलं मी तिला आईच्या अंत्यविधीलाही पाहिलं नव्हतं.

"घरी चल," मी म्हटलं. "माझ्या फ्रीझरमध्ये घालू."

"अगं, अख्खा मावेल का तो?"

"अख्खा नाही मावणार."

तिने फावडं उचललं आणि गाडी काढली.

स्वयंपाकघरात फ्रीझर रिकामा केला. साइमीच्या नवऱ्याने पकडलेले मासे, उन्हाळ्यातल्या बेरी, पावाचे तुकडे, सगळं टेबलावर. फरशीवर गालिचा पसरला आणि मी शिवणाची कात्री घेतली. आईने पट्टे कसे मोजून घेतले होते ते मला आठवत होतं, म्हणून पट्ट्याच्या कडेने कापायला गेले. पण कात्री भरकटली. सुताच्या ताण्याचा करकर आवाज येत होता. साइमीने दुसरं टोक धरलं होतं, तोंड बाजूला वळवून. एक अळी तिच्या बाहीवर चढली, तिने ती नखाने चिरडली आणि हात तिथेच ठेवला.

चार तुकडे झाले. पिशव्यांत बांधून कोंबले, झाकण लावलं.

मग हात साबणाने पुन्हा पुन्हा धुतले आणि वितळायला लागलेले मासे तळायला घेतले, टाकून कसे देणार? साइमीने दोन घास खाल्ले.

"दोन तुकडे तुझे, दोन माझे," ती म्हणाली. "पुन्हा जोडायचे नाहीत."

"नाही जोडायचे."

खालून रागनरचा आवाज आला. तो कोणाला तरी सांगत होता की यंदा मे महिन्याची वाट बघायला नको, मार्चमध्येच बाहेर टेबलं मांडू. मी उठून खिडकीची कडी नीट लावली आणि माझं ताट तसंच ठेवलं.