डास काय म्हणाला

रेडिओ केंद्रात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बावीस वर्षं ती एका खोलीत बसून एकच काम करत होती. प्रसारणाआधी कार्यक्रम ऐकायचे आणि लोकांच्या कानांवर जे पडू नये असं वरच्यांना वाटतं, ते काढून टाकायचं. भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, टेबलावर संगणक, आणि चिकटपट्टी गुंडाळून तगवलेला हेडफोन. हात असा बसलेला की भाषणातली मंत्र्याची शिंक ती काढायची आणि ऐकताना मंत्र्यालाही वाटायचं, आपण शिंकलोच नव्हतो.

आणि दैवाची थट्टा बघा, या बाईचा सख्खा धाकटा भाऊ म्हणजे भोंगा.

भोंगा हे त्याचं स्टेजवरचं नाव. गळ्यात गिटार, मागे दाणदाण ड्रम, आणि गाणी अशी तिरकस की ज्याला लागायची त्यालाच आधी हसू फुटायचं. सरकारला तो झोडपायचाच, पण विरोधकांनाही सोलून काढायचा, आणि शेवटी टाळ्या पिटणाऱ्या लोकांचीही बिनपाण्याने करायचा. तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, ज्यांच्याकडे पोलीस आहेत त्यांच्या समोरच्या बाजूचा. सेन्सॉरबद्दल मात्र तो थट्टा करत नसे. बंदी घाला, त्याचं म्हणणं असे, बंदी तुमच्या नावावर जाते. पण गुपचूप कापून वाजवलंत तर ते माझ्या आवाजात जातं, आणि खोटं मी बोलल्यासारखं होतं.

हे तो ताईच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बोलायचा. ती भांडी घासत ऐकायची. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ती एकोणीस. त्याला लहानाचं मोठं तिनंच केलेलं. त्याचं प्रत्येक गाणं पहिल्यांदा त्या ओट्यापाशी वाजलं. पण केंद्रात हे नातं कोणाला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं होतं, आणि त्याचं आडनाव तर त्याच्या चाहत्यांनाही माहीत नव्हतं. दरवर्षी भरायच्या फॉर्मवर ‘जवळचे नातेवाईक कलाक्षेत्रात आहेत काय?’ या प्रश्नापुढे ती बिनदिक्कत ‘नाही’ लिहायची.

त्या वर्षी परदेशी पाहुणे येणार होते, आणि आपल्याकडेही मोकळेपणी थट्टामस्करी चालते हे त्यांना दाखवायचं वरून ठरलं. केंद्रप्रमुखांनी भोंग्याचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून रविवारी दुपारी लावायचं ठरवलं. भोंगा तयार झाला, पण एका लेखी अटीवर. कापाल तिथे बीप वाजला पाहिजे. जेवढं कापलं तेवढा बीप. चोरून सांधायचं नाही; कात्री चालली हे लोकांना ऐकू आलं पाहिजे. केंद्रप्रमुख हसले आणि सही करून मोकळे झाले.

ते मुद्रण अर्थातच कात्रीबाईंच्या टेबलावर आलं.

नव्या गाण्यात एका कचेरीत टांगलेल्या देशाच्या अध्यक्षांच्या तसबिरीवर, नेमका गालावर, डास बसतो. मारावा तर अध्यक्षांच्या मुस्कटात बसते, न मारावा तर डास त्यांचं रक्त पितो. शिपाई कारकुनाकडे बघतो, कारकून साहेबाकडे, फाइल वर वर जात राहते आणि डास फुगत राहतो. ती एकटीच हसली. शेवटच्या कडव्यात डास बोलायला तोंड उघडतो. ‘आणि डास म्हणाला’ अशी ओळ येते, आणि तिथे भोंगा थांबला होता. ड्रम चालूच होते, सभागृह नुसतं किंचाळत होतं, आणि त्या गोंधळात तो माइकपाशी तोंड नेऊन, ओठांतल्या ओठांत बोलल्यासारखं बोलला होता, “डासाचं राहू दे. हे गाणं माझ्या ताईचं. ती रेडिओवर सगळ्यांची वाक्यं कापते. घरात तिनं माझं बोलणं एकदाही तोडलं नाही.”

मोजून अकरा सेकंद. मग पुन्हा गिटार, टाळ्या आणि हशा.

तिनं ते तीनदा ऐकलं. पहिल्यांदा डोळे भरून आले. दुसऱ्यांदाही आले. तिसऱ्यांदा मात्र तिनं उठून खोलीचं दार नीट लागलंय का ते बघितलं. रेडिओवर कापणारी ताई म्हणजे कोण, हे केंद्रातल्या चहावाल्यालाही कळलं असतं. बावीस वर्षांचे बावीस फॉर्म, आणि बावीसही खोटे. नोकरी तर जाणारच, वर फसवणुकीचा खटला. काढायला हवं होतं. आणि अट होती, काढलं तिथे बीप.

तिनं अकरा सेकंदांवर बीप टाकला. मग नेहमीची नोंदवही ओढली. ‘काढलेला मजकूर’ या रकान्यात खरं तर काढलेले शब्द जसेच्या तसे लिहायचे असत. पण शिव्या स्वतःच्या अक्षरात कोण लिहील? म्हणून कित्येक वर्षांपासून त्या रकान्यात सगळेजण एकच शब्द लिहीत आले होते: आक्षेपार्ह. तिनंही सवयीनं तोच लिहिला आणि खाली सही केली. मूळ मुद्रण नियमाप्रमाणे पुसून टाकलं. या सगळ्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

रविवारी दुपारी देशभर ऐकू गेलं ते असं: आणि डास म्हणाला, मग अकरा सेकंद टूंऽऽऽ, मग हशा आणि टाळ्यांचा कडकडाट.

सोमवारी बसच्या रांगेत दोन म्हातारे डास काय म्हणाला असेल यावर पैज लावत होते. मंगळवारी शाळेच्या भिंतीवर कोणीतरी ते लिहूनही ठेवलं होतं, आणि जे लिहिलं होतं ते अध्यक्षांच्या स्वर्गवासी मातोश्रींबद्दल होतं. बुधवारी सकाळी पोलिसांनी भोंग्याला दाढीचा साबण तोंडावर असतानाच उचललं. अध्यक्षांच्या अवमानाचा कायदा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

करायला गेलं एक आणि झालं भलतंच. सरळ सांगायचं तर ती आठवडाभर मूग गिळून बसली. तिची पाचावर धारण बसली होती आणि तिला स्वतःची शिसारी येत होती, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. आठव्या दिवशी ती केंद्रप्रमुखांच्या खोलीत गेली आणि सगळं भडाभडा बोलली. त्यांनी उठून आधी दार लावलं. मग म्हणाले, बाई, तुम्ही आत आला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. कार्यक्रमाला मंजुरी त्यांचीच होती. एका साध्या प्रेमळ वाक्यावर बीप टाकून देशभर बोंब झाली, हे बाहेर गेलं असतं तर पहिली खुर्ची त्यांची गेली असती.

मग ती वकिलाकडे गेली. वकील भला माणूस होता. त्यानं विचारलं, आणखी कोणी ऐकलंय? सभागृहात आठशे माणसं होती. फोन दारातच जमा करून घेतलेले. आठशेपैकी जे साक्षीला तयार झाले ते सगळे शिवीच ऐकल्याचं छातीठोकपणे सांगत होते, फक्त प्रत्येकाची शिवी वेगळी होती. ड्रमरनं स्वतःच्या ड्रमखेरीज काहीच ऐकलं नव्हतं. त्याला तिनं खरं सांगितलं तेव्हा त्यानं हातातल्या काड्या खाली ठेवल्या.

“ताई, राग मानू नका,” तो म्हणाला. “बाहेर हजारो पोरं त्याच्यासाठी घसा फोडतायत. गाणं लावून बीप आला की सगळी मिळून जे काही ओरडतात, ते तुम्ही ऐका एकदा. त्यांना जाऊन सांगायचं, की तो बहिणीचे आभार मानत होता?”

म्हणजे पकडणाऱ्यांना शिवी हवी होती आणि सोडवायला निघालेल्यांनाही शिवीच हवी होती. खरं काय ते एकटीला ठाऊक, आणि त्याला गिऱ्हाईक नाही.

खटला उभा राहिला. न्यायाधीशांनी भोंग्यालाच विचारलं, तुम्ही नेमकं काय बोललात? सगळी खोली कानात प्राण आणून ऐकत होती.

“सांगणार नाही,” तो म्हणाला. “शिवी नव्हती असं आज सांगितलं, तर शिवी होती का हे विचारायचा हक्क यांना मीच दिला असं होईल. कापलंय त्यांनी. त्यांनाच विचारा.”

मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या. वकिलानं कपाळाला हात लावला. आणि कापणारी बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं, फॉर्मवरच्या खोट्यासकट. वाक्य शब्दन्‌शब्द सांगितलं. सरकारी वकील याचीच वाट बघत होता. त्यानं नोंदवही उघडून तिच्यापुढे धरली. अक्षर तुमचंच ना? सही तुमचीच? बावीस वर्षांत बहिणीच्या कौतुकाला आक्षेपार्ह म्हणायची पद्धत होती का केंद्रात? लोक हसले. तेव्हा खोटं लिहिलंत, की आत्ता खोटं बोलताय? आणि आरोपी तुमचा भाऊ ना?

भाऊ, ती म्हणाली. यापुढे कोणी तिला काही विचारलं नाही.

भोंग्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. तिची नोकरी त्याच आठवड्यात गेली. त्याचं तिला काही वाटलं नाही.

तुरुंगात भेटीची वेळ पंधरा मिनिटांची. मध्ये दुहेरी जाळी, दोन्हीकडे लाकडी स्टुलं. त्याचे केस कापले होते आणि कान एकदम मोठे दिसत होते, शाळेत असताना दिसायचे तसे. ती घरून ठरवून आली होती, की रडायचं नाही आणि माफी मागायची. तिनं माफी मागितली. रडलीही.

तो म्हणाला, वेडी आहेस का? मग थोडा पुढे वाकला.

“ताई, तू कोर्टात माझ्यासाठी खोटं बोललीस ना, ते मी जन्मात विसरणार नाही. तुला किती जड गेलं असेल.”

तिला आधी कळलंच नाही.

“खोटं काय त्यात? तू तेच बोलला होतास.”

तो हसला. स्टेजवर काय बोलतो ते त्याला खाली उतरल्यावर कधीच आठवत नसे, त्या दिवशीचंही आठवत नव्हतं. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. कोर्टात बोलला ते त्याचं खरंखुरं मत होतं, पण सांगायचं म्हटलं असतं तरी सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. बराकीतले लोक रोज विचारतात, तो म्हणाला, आणि ऐकून ऐकून आता त्याला स्वतःलाच ती शिवी आठवायला लागली होती. कधी ही, कधी ती.

“तीनदा ऐकलंय मी,” ती म्हणाली. “तुझ्या आवाजात. माझ्यासाठी होतं ते.”

“तीनदा ऐकलंस आणि वर आक्षेपार्ह लिहिलंस?” त्यानं हे रागानं नाही विचारलं. लहान मुलाची समजूत काढावी तसं विचारलं. “असू दे गं. माझ्यापुढे तरी नको. आठशे लोकांसमोर मी असलं काही बोलेन का?”

तिनं ते वाक्य पुन्हा एकदा सांगितलं, पहिल्या शब्दापासून. तो मान हलवत ऐकत राहिला, आणि तिचं बोलून संपल्यावर म्हणाला, छान आहे. पहारेकऱ्यानं वेळ संपल्याचं सांगितलं.