गोल अँटेना की दांड्यांचा

"झाले पुन्हा चित्राचे तुकडे," वेंडेल टीव्हीवर चापट मारत कुरकुरला.

अमेरिकेतल्या यूमाच्या वाळवंटात आम्हा नवराबायकोचं चाकांवरचं घर उभं होतं. नवा अँटेना घ्यायला गेलो, तेव्हा दुकानात त्याने गोल अँटेना उचलला. "हा चारी दिशांचं पकडतो. प्रत्येक मुक्कामाला फिरवत बसायला नको."

"पण लांबचं पकडत नाही. दांड्यांचा घेऊ. एकदा शहराकडे तोंड करून बसवला की झालं."

"लोर्ना, तो एका जागी बसणाऱ्या म्हाताऱ्यांचा."

गेल्या आठवड्यात गाडी मागे घेताना त्याने शेजाऱ्याच्या नळाचा खांब पाडला, तेव्हा आम्ही दोघांनीही मावळत्या उन्हाला दोष दिला होता. मी दांड्यांचाच अँटेना ढकलगाडीत ठेवला.

"वेंडेल, तुला गाडी चालवण्याइतकं आता दिसत नाही. आपण इथेच राहायचं."