हरणाऱ्याने लिहायचा फळा

माझ्या अंगावर एक ओळ आहे, जी कुणालाच पुसता येत नाही. तेवढी सोडली तर मी अगदी साधा, जुना फळा आहे, मित्रांनो. नेरूळच्या एका सोसायटीच्या फाटकापाशी मी दहा वर्षं काढली. त्या ओळीची गोष्ट सांगितली की माझी गोष्ट आपोआप सांगून होईल.

शिरवणे गावातल्या एका सुताराने मला घडवलं. प्लायवूडचा तक्ता, सागाची चौकट आणि काळ्या रंगाचे तीन हात. माथ्यावर पांढऱ्या तैलरंगात ‘सूचना’ असं लिहिलं आणि मला फाटकाच्या भिंतीवर टांगलं. इमारत नवी होती, माणसंही नवी होती. कुणी परळहून आलेलं, कुणी रत्नागिरीहून, कुणी साताऱ्याहून. एकमेकांची नावं कुणाला ठाऊक नव्हती, पण पाण्याची वेळ सगळ्यांना हवी असायची. ती मी सांगत असे. सकाळी कामाला निघालेला प्रत्येक माणूस माझ्याकडे एकदा पाहायचाच. त्या काळात मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

माझी निगा राखायचे मधुकर. ते दुसऱ्या मजल्यावर राहत आणि बेलापूरच्या सरकारी कचेरीत नोकरी करत. कोरड्या तळव्याने मला पुसलेलं त्यांना खपत नसे. आधी ओलं फडकं, मग सुकं फडकं, आणि मगच खडू. त्यांच्या मुलीला, गीतांजलीला, त्यांनी हे लहानपणीच शिकवलं होतं.

फाटकासमोर देवजींचं रंगांचं आणि हार्डवेअरचं दुकान होतं. देवजी मूळचे शिरवण्याचे. तरुणपणी ते बोटीवर नोकरीला होते. एकदा त्यांची बोट दुरुस्तीसाठी इटलीत जिनोआ बंदरात अडकली, तेव्हा गोदीतल्या कामगारांनी त्यांना फुटबॉल पाहायला नेलं. तेव्हापासून देवजी इटलीचे. मधुकर स्पेनचे, आणि त्याचं कारण ब्याऐंशी सालचा विश्वचषक. स्पर्धा स्पेनमध्ये झाली आणि कप नेला इटलीने. “मांडव यांचा, पंगत यांची, आणि मानाचं ताट पाहुण्यांनी उचललं,” असं मधुकर म्हणत. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

दोघांनी एक नियम केला होता. युरोपातल्या स्पर्धांत स्पेनमधला एखादा क्लब आणि इटलीतला एखादा क्लब समोरासमोर आले, की ज्याचा संघ हरेल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या हाताने निकाल माझ्यावर लिहायचा. खाली सही करायची. पैज नाही, पार्टी नाही. हरलेल्याने फक्त लिहायचं.

ब्याण्णवच्या मे महिन्यात बार्सिलोनाने जिनोआच्याच सॅम्पदोरियाला हरवलं आणि पहिल्यांदा युरोपचा मोठा कप जिंकला. जादा वेळेत एक फ्री किक, एकच गोल. सकाळी मधुकरांनी रेडिओवर बातमी ऐकली आणि कचेरीला जाण्याआधी खडू घेऊन फाटकात उभे राहिले. देवजी दुकानातून आले.

“आनला का खडू? लई घाई हाय तुमाला,” ते म्हणाले.

“घाई कसली, देवजीशेठ? आमची बस साडेआठची आहे. तोवर लिहून होईल ना?”

देवजींनी एवढी मोठी अक्षरं काढली की शेवटचं शून्य चौकटीला टेकलं. सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकर वैतागले. “लोक मला पाण्याची वेळ विचारतात, आणि तुम्ही त्यांना इटलीची बातमी देताय.” पण त्या दिवशी माझ्यापुढे गर्दी झाली. आपली चूक नसताना हरणारा माणूस स्वतःच्या हाताने ते लिहितो, हे पाहायला लोकांना आवडतं.

दोन वर्षांनी बार्सिलोना पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचली. या वेळी समोर मिलान. बार्सिलोनाने मायदेशातली लीग लागोपाठ चौथ्यांदा जिंकली होती, आणि मिलानचे दोन खंदे बचावपटू बंदीमुळे बाहेर होते. मधुकरांना शंकाच राहिली नाही. आदल्या संध्याकाळी ते देवजींच्या दुकानात गेले आणि पांढऱ्या तैलरंगाची छोटी डबी मागितली.

“पक्का रंग हाय साहेब, जानार नाय,” देवजी म्हणाले. “इचार करा.”

“केलाय विचार. द्या.”

मधुकरांनी बारीक कुंचल्याने ‘सूचना’च्या खाली, वळणदार अक्षरात लिहिलं: ‘बार्सिलोना, युरोपचा विजेता, १९९४’. मला ते थंड, चिकट अक्षर अजून आठवतं. खडू अंगावर बसतो, तैलरंग अंगात शिरतो.

सकाळी रेडिओने सांगितलं: मिलान चार, बार्सिलोना शून्य.

मधुकर खाली आले. देवजी आधीच माझ्यापुढे उभे होते, पण हसत नव्हते. कमळाकरांनी काळ्या रंगाची डबी मागवली होती. “पाच मिनिटांत झाकून टाकू,” ते म्हणाले.

“नको,” मधुकर म्हणाले. “चुकीचं लिहिलंय ते दिसू दे. झाकलं, तर उद्या खरं लिहिलेलं तरी कोण मानेल?” आणि त्या ओळीच्या बरोबर खाली त्यांनी खडूने चार-शून्य लिहून सही केली.

“कसला मानूस हाय,” देवजी आपल्याशीच बोलल्यासारखे बोलले. तेव्हापासून ते दोघं खरे मित्र झाले, असं मी समजतो.

शहाण्णवमध्ये इटलीच्या युव्हेंटसने रियाल माद्रिदला उपांत्यपूर्व फेरीतच घरी पाठवलं. तेव्हाही मधुकरांनीच लिहिलं. मग अठ्ठ्याण्णव साल आलं आणि तेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर ठाकले. रियालने हा कप बत्तीस वर्षांत जिंकला नव्हता. सगळे जाणकार युव्हेंटसचं नाव घेत होते.

त्या मे महिन्यात मधुकर खाली उतरत नव्हते. हृदयाचं दुखणं बळावलं होतं. मनाला धक्का बसेल असं काही नको, डॉक्टरांनी बजावलं होतं. गीतांजलीने रेडिओ कपाटात ठेवला. मधुकरांनी एकच हट्ट धरला, खाट खिडकीपाशी हवी. तिथून मी दिसत असे.

सामन्याच्या दिवशी दुपारी गीतांजली फाटकात आली. देवजी माझी चौकट पुसत होते.

“काका, एक मागायचंय.”

“माग ना, बाय.”

“उद्या काहीही झालं तरी रियाल जिंकली असंच लिहा. बाबांना फक्त हा फळा दिसतो. सामना मध्यरात्रीनंतर संपतो, पेपरातही बातमी परवाच येईल.”

“आनि परवा?”

“परवाचं परवा बघू. उद्याचा दिवस त्यांना चांगला जाऊ दे.”

देवजींनी बोटाने माझी वरची ओळ दाखवली. “ही तुज्या बापाने लिवली. चुकली, तरी पुसू दिली नाय. त्याच फल्यावर मी खोटं लिवू? त्याला कललं, तर माजं कुठलंच लिवलेलं तो खरं मानायचा नाय.”

“तुम्हाला जिंकायचंय, म्हणून.”

“जिंकायचं तर हायच,” देवजी म्हणाले. “पन त्याच्यापासून लपवून नाय.”

गीतांजली वर गेली. मित्रांनो, फळ्याला हात नसतात. कुणी माझ्यावर काय लिहावं हे माझ्या हाती नव्हतं. मी फक्त कोरा राहून सकाळची वाट पाहिली.

देवजी उजाडताच आले, दुकान उघडण्याआधी. ओलं फडकं, सुकं फडकं, मग खडू. त्यांनी लिहिलं: ‘रियाल माद्रिद १, युव्हेंटस ०’. खाली सही केली. माझ्या अंगावरून तो खडू असा जोरात फिरला की निकाल खराच आहे, याबद्दल मला काही शंका राहिली नाही.

वर खिडकीत गीतांजलीने वडिलांना उशीला टेकवून बसवलं होतं. मधुकरांनी वाचलं. मग होता तेवढा आवाज काढून विचारलं, “देवजीशेठ, गीताने सांगितलं म्हणून लिहिलंत का?”

ते आपल्या मुलीला ओळखून होते. गीतांजलीने मान खाली घातली.

देवजी माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. “साहेब, एवड्या मोठ्या अक्षरात मी कदी खोटा हरलोय का?”

मधुकर बराच वेळ हसले. “मग शून्य जरा गोल काढा,” ते म्हणाले.

देवजींनी शून्य पुसून पुन्हा काढलं. दुसऱ्या दिवशी पेपर आला. मधुकरांनी तो न उघडताच मुलीच्या हातात दिला. “तू वाच. मला कालच कळलंय.”

भाद्रपदात मधुकर गेले. त्यांचं नाव कमळाकरांनी माझ्यावर लिहिलं. पाण्याची वेळ लिहायला जागा नव्हती, तरी ते पुसायला कुणी पुढे होईना. शेवटी गीतांजलीनेच पुसलं. ओल्या फडक्याने, मग सुक्या.

त्यानंतर फाटकाशी काचेची पेटी लागली. तिच्यात टाइप केलेले कागद लागतात. मला मीटरच्या खोलीत भिंतीशी उभं केलं. मी कुणाला दोष देत नाही. पण तिथे अंधार होता, आणि माझ्या चौकटीला वाळवी लागू लागली होती.

यंदाच्या मे महिन्यात एका सकाळी त्या खोलीचं दार उघडलं. गीतांजली होती. तिने मला ओढत बाहेर आणलं, जुन्या खिळ्याला टांगलं आणि पुसलं. मग खडूने लिहिलं: ‘लाझियो २, मायोर्का १’.

समोर देवजी शटर अर्धं उचलून तसेच थांबले. मग रस्ता ओलांडून आले.

“रेडिओ काढलास कपाटातून?”

“हो.”

“राहू दे ना, बाय. ह्या वरसाचं माफ.”

“हरणाऱ्याने लिहायचं, काका. आमच्याकडून आता मीच आहे.” तिने खाली सही केली. अक्षर वडिलांसारखं वळणदार होतं.

देवजींनी सगळं सावकाश वाचलं. “ही मायोर्का कुठं आली?”

“समुद्रात. बेट आहे.”

“मंग आपलीच मान्सं. उगाच हरवली.”

गीतांजली हसली. देवजी दुकानात गेले आणि काळ्या रंगाची डबी, वाळवीचं औषध आणि कुंचला घेऊन परत आले. तिने लिहिलेला निकाल दिवसभर तसाच राहू दिला. संध्याकाळी त्यांनी मला नवा हात दिला, चौकटीपासून चौकटीपर्यंत. वरची ती ओळ मात्र त्यांनी सोडली. तिच्या कडेकडेने कुंचला इतका जपून फिरवला की एकाही अक्षराला रंग लागला नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, चाळीत, सोसायटीत माझे भाऊबंद असतील. त्यांना कोरड्या हाताने पुसू नका. त्यांच्यावर खरं तेच लिहा. आणि हरलात, तर स्वतःच्या हाताने लिहा, मोठ्या अक्षरात, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या खिडकीतूनही वाचता येईल.