आधी तांबूला

मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच्या आदल्या वर्षी अंबिका म्हसळ्याहून किहीमला माहेरी आली, ती कायमची. नवरा हिवतापानं गेला होता. दिरानं बैलगाडीत तिची ट्रंक चढवली आणि तो घरात निघून गेला. तिच्यामागे आला तो फक्त खंड्या, नवऱ्यानं पाळलेला काळा कुत्रा. गाडीमागून धावला, खाडीत होडीमागून पोहला, आणि किहीमच्या वाडीत शिरला तेव्हा त्याच्या तळपायांची सालं निघाली होती.

वाडीत आधीपासून तांबू होता. अंबिकेच्या थोरल्या भावाचा, अण्णांचा कुत्रा. वयानं झुकलेला, पण माडापोफळींमधून खोतासारखा हिंडणारा. उन्हाळाभर दोघं लांबूनच गुरगुरले. वाडी मोठी होती, एकमेकांना चुकवता येत होतं. पाऊस लागला आणि कोरडी जागा म्हणून पडवीच तेवढी उरली. मग रोज संध्याकाळी, पोफळीच्या विरीच्या द्रोणात कण्या आणि माशांची डोकी पडली की दोघं एकमेकांच्या नरड्याला भिडत. गुणाजी, वाडीतला गडी, बादल्या भरभरून पाणी मारी. अण्णांनी दोघांच्या गळ्यात लाकडाची लोढणी अडकवली. लोढण्यांसकट ते एकमेकांवर तुटून पडले.

आषाढात एकदा अंबिकेनं मध्ये हात घातला. मनगटावर दात रुतले, आणि ते खंड्याचे होते.

अण्णांनी जखमेत हळद दाबली.

"नारळी पौर्णिमा झाली की मचवे सुटतील," ते म्हणाले. "गुणाजी त्याला दिघीला उतरवून म्हसळ्याच्या वाटेला लावून येईल."

"अण्णा, तिथे त्याचं कोणी नाही."

"जिथून आला तिथे जाईल, अंबू. घरात रोज रक्त नको."

अण्णा कुत्र्याबद्दल बोलत होते, हे तिला कळत होतं. पण दिराचाही निरोप येऊन पडला होता, की कापणीला माणूस कमी आहे, वहिनीला पाठवून द्या. अण्णांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. आज कुत्रा गेला तर उद्या मचव्यात आपली ट्रंक चढायला किती वेळ, असं तिला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांची बायको कमळवहिनी विळीवर नारळ खवत होती. ती मोजकंच बोलणारी बाई.

"वन्सं, एक बोलू? राग धरू नका."

"बोला."

"ही भांडणं तुम्ही लावता."

"मी?"

"लांबून आला बिचारा, म्हणून खंड्याला आधी वाढता. तांबू पुढे झाला की त्याच्या पाठीत सोटा. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं घर दुसऱ्याला द्यायचं, मग तो डूख धरणार नाही तर काय? आणि बाई आपल्या बाजूची आहे म्हटल्यावर खंड्याही चढतो."

"मग काय उपाशी ठेवू त्याला?"

"उपाशी कोण म्हणतंय? आधी तांबूला. हा मागाहून आला, मागाहून खाईल."

अंबिकाही मागाहूनच आली होती. घरातल्या सगळ्यांची जेवणं झाली की चुलीपाशी एकटीच जेवत होती. तसं कोणी सांगितलं नव्हतं, आणि तसं नको असंही कोणी म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं खंड्याला खांबाला बांधलं आणि आधी तांबूला वाढलं. खंड्यानं दोरी तुटेल अशी ओढली, केकाटला, मग तिच्याकडे नुसता बघत राहिला. ती नजर चुकवून उभी राहिली. तांबूनं विरी चाटून पुसली, तेव्हा कुठे तिनं खंड्याला घातलं. सकाळी ओहोटीला ती आणि गुणाजी दोघांना दोन दोऱ्यांनी किनाऱ्यावर नेऊ लागले. वाडी तांबूची होती. वाळू कोणाचीच नव्हती.

"ताय, ही वरात कुठं चालली?" गुणाजी म्हणायचा. "ह्यातला नवरा कोन?"

"जो गप चालेल तो."

"मंग लगीन काय लागत न्हाय."

श्रावणात लोढणी सुटली. खांबाची दोरी सुटली. खंड्या पुढच्या पायांवर हनुवटी टेकून, तांबूचं खाणं होईपर्यंत पडून राहायला शिकला. पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून झाले, तसा गुणाजी पडवीशी आला.

"अण्णानू, मचवा उद्या सुटतो हाय. कुत्रा न्यायचा व्हय?"

अण्णांनी पडवीकडे पाहिलं. एका गोणपाटावर दोघं पाठीला पाठ लावून निजले होते.

"कुठला कुत्रा?" म्हणत अण्णांनी वहाणा पायांत सरकवल्या. दिराला नकार गेला, तोही त्याच मचव्यातून.

दोन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात तांबू म्हातारपणानं गेला. गुणाजीनं विहिरीकडच्या माडाखाली त्याला पुरला. संध्याकाळी अंबिकेनं खंड्याची विरी भरली. तो हनुवटी टेकून पडून राहिला. समोर वाफ निघत होती, आणि तो तांबूच्या रिकाम्या जागेकडे बघत होता.

"खा रे," ती म्हणाली. "आता तुझंच आहे."

तो हलला नाही. तिनं दुसरी विरी आणली, तांबूच्या जागी ठेवली, चार शितं टाकली आणि थोड्या वेळानं उचलली. तेव्हा तो उठला.

खरकटं टाकायला आलेली कमळवहिनी दारात थबकली होती. ती तशीच आत वळली.

पुरुषांची जेवणं झाल्यावर वहिनीनं चुलीपुढे दोन पाट मांडले, दोन पानं वाढली.

"वन्सं, बसा."

"तुम्ही जेवून घ्या. मी मागाहून..."

"बसा म्हणते ना."

वहिनीचा आवाज नेहमीसारखा नव्हता. अंबिका बसली. भातावर आमटी पडली. पानाला हात लावणार, एवढ्यात तिची नजर शेजारच्या पानाकडे गेली, वहिनीनं पहिला घास घेतला की नाही ते पाहायला.