बानू मावशीच्या नावावरचं लेकरू

आमच्या घराण्यानं एका लेकरापायी आधी सटवाईला फसवलं, मंग सरकारला. सटवाईनं काही मनावर घेतलं न्हाई. सरकारनं घेतलं, आन् ते निस्तरायची पाळी आली माझ्यावर.

माझे सासरे दत्तराव मागच्या उन्हाळ्यात गेले. सासूबाई कडूबाई तर माझं लगन व्हायच्या आधीच गेलेल्या. मागं लेक एकच, म्हणजे आमचे हे, बजरंग. शेत सासऱ्याच्या नावावर, तिथं वारस म्हणून ह्यांचं नाव लावायचं. तलाठ्याकडं अर्ज द्यायचा, चावडीवर नोटीस लागती, कुणाची हरकत न्हाई आली की सातबाऱ्यावर नाव चढलं. सरळ काम. पण हरकत आली, आन् ती पण ह्यांच्या सख्ख्या चुलत्याची, भुजंगतात्यांची. तात्यांनी अर्जात लिहिलं, की गावच्या जन्माच्या रजिस्टरात बजरंगाचा बाप बिरदेव आन् आई बानूबाई अशी नोंद हाय, तवा दत्तरावाच्या शेताशी त्याचा संबंध काय?

तात्या खोटं बोलले असते तर मी पदर खोचून भांडले असते. पंचाईत अशी, की रजिस्टरात खरंच तसं होतं.

त्याचं असं झालं. सासूबाईंची आधीची लेकरं पाचवीच्या आतच जायची. आमच्याकडं पाचवीच्या रातीला सटवाई येती आन् बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिती. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आन् लेखणी ठेवतात. म्हणजे ती पण एक तलाठीच की, फरक इतकाच, ती एका फेरीत काम करती. माझ्या आजेसासूला वाटलं, ह्या बयेला आपलं घर पाठ झालंय. म्हणून आमचे हे जन्मले तसं त्यांना सुपात घातलं आन् तवा शेजारी बिऱ्हाड टाकलेल्या बानूबाईला इकून टाकलं, सूपभर जवारी घेऊन. असं गावोगावी करतात, त्यात नवल न्हाई. पण बानूबाईच का? तर ते मेंढरामागं फिरणारं घर. आज वालूरच्या शिवारात, महिन्यानं गंगाखेडच्या, तिकडून चुडाव्याकडं. सटवाईला पत्ता घावायचा तरी कसा!

इथवर ठीक होतं. पण आजेसासू आमची भारी हुशार. जन्माची नोंद करायला ग्रामसेवक आला, तर तिनं त्यालाही ठासून सांगितलं, "बाप बिरदेव, आई बानूबाई. लिव्ह."

सासरे म्हणाले म्हणे, "आगं माय, सटवाई काय रजिस्टर वाचायलीय का?"

"वाचत न्हाई ह्याची जामिनकी तू घेतूस का?" म्हणाली. झालं, ग्रामसेवकानं तसंच लिव्हलं.

लेकरू जगलं. इकणं नावापुरतंच; दूध कडूबाईचं प्यालं, आमच्याच घरात वाढलं. शाळेत मास्तरनं बापाचं नाव दत्तराव लावलं, कारण ते दत्तरावाचं बोट धरून आलं होतं. ते रजिस्टर मंग कुणी उघडून बघितलं न्हाई. बघितलं फक्त भुजंगतात्यांनी, कारण त्यांना सगळं ठाऊक होतं. ह्यांना सुपात घालून पलीकडं नेताना सुपाची एक बाजू ह्याच तात्यांनी धरली होती!

वालूरला मंडळ अधिकाऱ्यासमोर सुनावणी झाली. साहेब म्हणाले, "मी कागद बघून चालतो. पुढच्या तारखेच्या आत जन्माची नोंद दुरुस्त करून आणा, नाहीतर हरकत मान्य करावी लागेल."

मंग आमची वरात ग्रामपंचायतीत. तिथं ग्रामसेवक म्हणून रोहिणी मॅडम हायत. त्या पदाचं नाव सरकारनं आता बदललंय म्हणे, पण गावाच्या जिभेला जुनंच वळण. मॅडम म्हणाल्या, "जन्म घरी झालेला, दवाखान्याचा कागद नाही. दोन पंच द्या, आणि बानूबाईंना घेऊन या. हा मुलगा माझ्या पोटचा नाही, कडूबाईचा आहे, एवढं त्यांनी माझ्यासमोर सांगायचं."

एवढंच ना? मी खुशीत बानू मावशीकडं गेले. बिरदेवमामा वारले, मेंढरं गेली, आता चार शेळ्या घेऊन ती आमच्याच गल्लीच्या टोकाला राहती. शेळीला पाला टाकायली होती. मी सगळं समजावून सांगितलं.

"न्हाई बोलणार," ती म्हणाली.

"आवं मावशी, शेत चाललंय आमचं!"

"जाऊ नये. पण मी न्हाई बोलणार. हा माझा न्हाई असं मी म्हणलं आन् सटवाईनं ऐकलं तर?"

"सटवाईला काय नोटीस जाती का ग्रामपंचायतीची?"

"तुमच्या तात्याला गेली न्हवं? मंग तिला का जायची न्हाई?"

मी तणतणत घरी आले. म्हणलं, आता आमचे हे जाऊन समजावतील. तर हे म्हणतात कसे, "माय न्हाई म्हणती तर ऱ्हाऊ दे." हे कडूबाईला बाई म्हणायचे आन् बानूबाईला माय. मी म्हणलं, "ऱ्हाऊ दे? मिशा पिकायल्या, पोरगी कॉलेजात जायलीय, आन् तुमी सटवाईला भ्यायलाव?" तर खाली मान घालून म्हणाले, "भ्यायचं न्हाई. पण तिच्या तोंडून ते ऐकायला मला बरं वाटत न्हाई."

त्या रातीला मी भाकरीसोबत कोरडी चटणी वाढली. दोघांनाही, कारण मावशीचं ताट आमच्याकडूनच जातं.

तारीख जवळ आली. शेवटी मी मावशीचे पाय धरले. म्हणलं, "बोलू नका, नुसतं येऊन बसा. मॅडमला तरी कळू द्या, माझा कुणाशी मामला पडलाय." ती आली, आमचे हे पण आले. ग्रामपंचायतीत तात्या आधीच हजर, खुर्चीत मांडी घालून, गालात तंबाखू. मी चुलत सासऱ्याचा मान म्हणून डोक्यावर पदर घेतला, आन् पदराच्या आत जे बोलायचं ते बोलून घेतलं.

मॅडमनं रजिस्टर उघडलं. "आजी, बजरंग तुमचा मुलगा का?"

"माझाच."

तात्या फुलले. "लिव्हा मॅडम, लिव्हा!"

"तुमच्या पोटचा?"

मावशीनं उलटं विचारलं, "मी न्हाई म्हणलं, तर तुमी काय करणार?"

"नोंद दुरुस्त करणार."

"म्हंजी माझं नाव खोडणार." ती माझ्याकडं वळली. "राजेश्री, सटवाईचं तुला उगंच सांगितलं गं. एवढ्या वर्सांनी ती कशाला येती? बाई, आमी मेंढरामागची माणसं. आमचं लगन कुठं लिव्हलेलं न्हाई, शेत न्हाई, सातबारा न्हाई. मला लेकरू झालं न्हाई. सगळ्या सरकारात मला आई म्हणून एकाच जागी लिव्हलंय. ते खोडा म्हणून मीच सांगू का?"

इतके दिवस मी हिला हट्टी म्हातारी म्हणत होते, कोरडी चटणी पाठवत होते. ह्यांनी तोंड भिंतीकडं केलं. तात्यांची मांडी कधी सुटली ते त्यांनाही कळलं नसंल.

मॅडमनं रजिस्टर उचलून मावशीसमोर ठेवलं. "आजी, ह्यात खोडायला परवानगीच नाही. मी खोडलं तर माझीच चौकशी लागेल. जुनी नोंद आहे तशी राहते. दुरुस्ती बाजूला समासात लिहायची, खाली सही करायची."

"म्हंजी माझं नाव ऱ्हाणार?"

"राहणार."

"कुठंय ते? दावा."

मॅडमनं तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. मावशीला वाचता येत न्हाई. पण तिनं ते बोट दाबून धरलं, शेळीनं सुटून जाऊ नये म्हणून दावं धरतात तसं, आन् घडाघडा बोलायला लागली. "कडूबाईच्या पोटचा हाय. दिवस मावळताना झाला. नाळ मी कापली. मी त्याला इकत घेतला, सूपभर जवारी मोजून. भुजंग, सूप तूच धरलं होतंस ना रे? सांग की मॅडमला."

तात्या बाहेर जाऊन थुंकून आले. जागेवर बसले. "व्हय," म्हणाले. "वैनी लय रडायली होती तवा. मला म्हणायची, भुजंगा, सूप नीट धर."

मॅडम लिहायला वाकल्या. "आजी, बोट काढा ना, मला बाजूला लिहायचंय."

"तुमी लिव्हा की बाजूला. माझं बोट कुठं आडवं यायलंय?"

मॅडमनं तसंच लिहिलं, तिच्या हाताला वळसा घालून. मंग जबाबाचा कागद घेतला. "जबाब देणाऱ्याचं नाव बानूबाई. नातं काय लिहू?"

ह्यांचं तोंड भिंतीकडंच. मावशी माझ्याकडं बघायली.

"सासू," मी म्हणाले. "माझी सासू हाय."

"ताई, बजरंगशी नातं विचारतेय मी."

"तेच सांगायलेय की! माझी सासू म्हणजे ह्यांची कोण लागती, हे पण आता मीच शिकवू का तुमाला?"

मॅडमनं एक शब्द लिहिला आन् कागद पुढं केला. शाईची डबी तात्यांनीच उघडून सरकवली. मावशीनं दुसऱ्या हाताचा अंगठा उमटवला. पहिल्या हाताचं बोट तिनं अजून काढलं न्हव्हतं.